माफी मागणे, माफी मिळणे आणि डाग पुसणे

१/ समाजमाध्यमांवर इतिहासाचा कोणताही वाद तापला की थोड्याच वेळात एक प्रश्न येऊन पडतो : ‘त्यांनी माफी मागितली होती की नव्हती?’ उत्तर ‘हो’ असेल तर माणूस मोडीत निघतो, ‘नाही’ असेल तर देव्हाऱ्यात जातो. या धाग्यात मला कोणाला मोडीत काढायचे नाही की देव्हाऱ्यात बसवायचे नाही. हा प्रश्नच अपुरा आहे, एवढे दाखवायचे आहे. त्या अपुरेपणाची किंमत इतिहासातल्या थोरांना मोजावी लागत नाही. ती मोजतात किरकोळ खटल्यात शिक्षा झालेली तुमच्याआमच्या वयाची मुले.

२/ आधी शब्द पाहू. ‘माफी’ हा शब्द अरबी-फारसीमार्गे मराठीत आला आणि सरकारी दप्तरात रुळला. सारामाफी, फीमाफी, कर्जमाफी या जोडशब्दांत पश्चात्तापाचा लवलेश नाही. सरकार आपले येणे सोडून देते, इतकाच तिथे अर्थ आहे. कर्जमाफी मिळालेल्या शेतकऱ्याने काही गुन्हा कबूल केला, असे कोणी म्हणत नाही. पण कोर्टकचेरीचा संबंध आला की तोच शब्द एकदम नाक घासण्याचा अर्थ धारण करतो.

३/ वास्तविक फौजदारी खटल्याच्या संदर्भात ‘माफी’ या एका शब्दाखाली किमान पाच निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. आरोपीने व्यक्त केलेली दिलगिरी. फिर्यादीशी झालेली तडजोड. सरकारने खटलाच मागे घेणे. शिक्षेत दिलेली सूट. आणि राज्यप्रमुखाने केलेले क्षमादान. प्रत्येकीचा दाता वेगळा, वेळ वेगळी आणि परिणामही वेगळा. ही विभागणी मनात ठेवून आपल्या कोल्हापूरशी जोडलेला एक जुना खटला पाहू.

४/ साल १८८१. कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अठरा वर्षांचे. त्यांना वेड लागले आहे, असे इंग्रज अधिकारी व दरबार सांगत होते. त्यांचा छळ होत आहे, असे लोक बोलत होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली होती. ‘केसरी’ची धुरा गोपाळ गणेश आगरकरांकडे, तर ‘मराठा’ची बाळ गंगाधर टिळकांकडे. या पत्रांनी कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर महाराजांविरुद्ध कारस्थान केल्याचा आरोप छापला. आधार म्हणून काही पत्रे पुढे केली गेली.

५/ बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फौजदारी फिर्याद केली आणि सुनावणीत ती पत्रे बनावट ठरली. हाच खटला ‘कोल्हापूर प्रकरण’ म्हणून ओळखला जातो. जामिनाचा प्रश्न आला तेव्हा जोतीराव फुले यांच्या शब्दाखातर सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. पुढच्या काळात टिळक आणि सत्यशोधक यांच्यात किती अंतर पडले हे ठाऊक असलेल्यांनी ही नोंद अवश्य लक्षात ठेवावी.

६/ आता आपला प्रश्न : टिळक-आगरकरांनी माफी मागितली होती का? होय. पत्रे खोटी असल्याचे दिसल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण बर्वे मागे हटले नाहीत आणि न्यायालयही द्रवले नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांना नुकतेच सव्विसावे वर्ष पूर्ण झाले होते. टिळकांचा त्या वर्षीचा वाढदिवस, २३ जुलै, डोंगरीच्या तुरुंगात गेला.

७/ दोघे सुटले २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, म्हणजे चार महिने भरण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी. आगरकरांनी या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘१०१ दिवस’ आहेत. म्हणजे दिलगिरी झाली, तडजोड झाली नाही, क्षमादान झाले नाही आणि शिक्षेत थोडी सूट मिळाली. एकाच खटल्यात ‘माफी’चे चार अर्थ चार दिशांना गेलेले दिसतात. ‘मागितली की नाही’ या प्रश्नाच्या उत्तरातून यातले काहीच कळत नाही.

८/ पुढे काय घडले? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असलेल्या शिवाजी महाराजांचा, पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. वय अवघे वीस. छापलेली पत्रे बनावट होती हे खरे. पण महाराजांच्या जिवाची लोकांना वाटणारी काळजी अनाठायी नव्हती, हेही खरे. न्यायालयाचा निकाल पहिल्या गोष्टीपुरता होता. इतिहासाला दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

९/ आणि त्या दोन शिक्षा झालेल्या तरुणांचे काय झाले? माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत दोघेही होते. जानेवारी १८८५ मध्ये तिचे महाविद्यालय सुरू झाले आणि त्याला नाव दिले गेले सर जेम्स फर्ग्युसन यांचे. दोघे डोंगरीत होते तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर हेच फर्ग्युसन होते. सुटकेला अजून अडीच वर्षेही झाली नव्हती.

१०/ १८९२ मध्ये आगरकर त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १८९५ मध्ये टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलवर निवडून गेले. फौजदारी शिक्षेचा डाग दोघांच्याही नावावर कायम होता, कारण तो कोणी पुसलाच नव्हता. पण तो दाखवून ‘तुम्हाला वर्गात शिकवता येणार नाही’ असे त्यांना कोणी म्हटले नाही. परकी, साम्राज्यवादी राजवट. तरीही चार महिन्यांची शिक्षा चार महिन्यांतच संपली. ही उदारता सर्वांच्या वाट्याला येत नव्हती, त्याकडे पुढे येतोच.

११/ याच्या नेमके उलट उदाहरण टिळकांच्याच आयुष्यात आहे. १४ सप्टेंबर १८९७ रोजी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष. खटल्यात शब्द मागे घेऊन सुटका करून घ्यावी असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. नंतर मॅक्स म्युलर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी आदींनी राणीकडे दयेचा अर्ज केला. ६ सप्टेंबर १८९८ रोजी, सहा महिने शिल्लक असताना, टिळक सुटले. पण अटींवर : सुटकेनिमित्त सत्कार-मिरवणुका स्वीकारायच्या नाहीत आणि सरकारविरुद्ध अप्रीती पसरवायची नाही.

१२/ म्हणजे १८८२ मध्ये दिलगिरी होती आणि क्षमा नव्हती. १८९८ मध्ये दिलगिरी नव्हती, पण शिक्षेत सूट होती. याचा अर्थ सरळ आहे. सरकारची ‘माफी’ मागणाऱ्याच्या मनावर कधीच अवलंबून नव्हती. ती देणाऱ्याच्या सोयीवर आणि मागणाऱ्याच्या बाजूने कोण उभे आहे यावर अवलंबून होती. टिळकांच्या बाजूने ऋग्वेदाचा जगप्रसिद्ध संपादक उभा राहिला. त्याच तुरुंगातल्या शेजारच्या कोठडीतील भुरट्या चोरासाठी कोण उभे राहणार होते?

१३/ स्वातंत्र्यानंतर हे बदलले का? कायदा बदलला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ ने राष्ट्रपतींना आणि १६१ ने राज्यपालांना क्षमा करण्याचा, शिक्षा तहकूब करण्याचा, तीत सूट देण्याचा व ती सौम्य करण्याचा अधिकार दिला. हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मारूराम खटल्यात स्पष्ट केले. कागदावर हा अधिकार फाशीच्या कैद्यापासून शंभर रुपये दंड झालेल्या माणसापर्यंत सर्वांसाठी आहे.

१४/ व्यवहारात मात्र मुंबईचेच उदाहरण बोलके आहे. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नौदल अधिकारी कावस नानावटी यांना क्षमा केली. त्याच वेळी आयात परवान्यांच्या गैरवापराबद्दल शिक्षा झालेले भाई प्रताप यांनाही क्षमा मिळाली. भाई प्रताप म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी कच्छमध्ये गांधीधाम वसवणारे उद्योजक. आमच्या उचगावला लागूनच गांधीनगरची सिंधी पेठ आहे; तिथल्या जुन्या पिढीला हे नाव नवे नाही. दोघांचे गुन्हे अगदी वेगळे होते. साम्य एवढेच, की दोघांच्या मागे बोलणारे लोक होते.

१५/ आता क्षमा व सूट यांतला कायदेशीर फरक. १९६०च्या सुमारास आसाममधील एका निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला : सरकारने शिक्षेत सूट दिली तर दोषसिद्धीही कमी झाली असे मानायचे का? उत्तर मिळाले, नाही. सूट मिळाली म्हणजे तुरुंगातले दिवस कमी झाले. न्यायालयाने ठोठावलेली शिक्षा नोंदीत जशीच्या तशी राहते आणि तिच्यामुळे येणारी अपात्रताही राहते. थोडक्यात, दार लवकर उघडते, डाग तिथेच राहतो.

१६/ आता वर्तमानात येऊ. कोल्हापूर शहराला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गावर असलेल्या उचगावसारख्या गावात पहाटे रस्त्याने धावणारी मुले दिसतात. कोणाला सैन्यात जायचे आहे, कोणाला पोलिसांत. प्रत्येकाच्या अर्जात एक रकाना असतो : आपल्यावर गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली आहे का? मग चारित्र्य पडताळणी. गल्लीतली मारामारी, मिरवणुकीत वाजवलेला डॉल्बी, बंदीत काढलेला मोर्चा. यांतले एखादे प्रकरण नावावर असेल तर त्या रकान्यापुढे पेन थबकते.

१७/ इथे एक विलक्षण विसंगती आहे. सामाजिक-राजकीय आंदोलनांतील खटले सरकार वेळोवेळी मागे घेते. करोनाच्या टाळेबंदीत कलम १८८ खाली दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्याच्या गृहमंत्र्यांनी मार्च २०२२ मध्ये जाहीर केला. चांगलेच झाले. पण जो खटला प्रलंबित आहे तोच मागे घेता येतो. ज्या मुलाने ‘कशाला तारखा घालायच्या’ म्हणून पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरला, त्याचा खटला निकाली निघालेला असतो. तो दोषसिद्ध. ज्याने वर्षानुवर्षे तारखा घेतल्या, तो मोकळा.

१८/ दंड भरलेल्या या मुलाने राज्यपालांकडे अर्ज करावा का? करता येतो. पण शिक्षेतली सूट त्याच्या काय कामाची? दंड तर भरून झाला. त्याला हवी असते ती दोषसिद्धीतून मुक्ती, आणि ती पूर्ण क्षमेनेच मिळू शकते. राज्यपाल, गृहविभाग, मंत्रिमंडळाचा सल्ला ही सारी यंत्रणा मुख्यतः चालू असलेल्या मोठ्या शिक्षांचा विचार करण्यासाठी घडलेली आहे. हजार रुपयांच्या दंडाची फाईल त्या जिन्याने वर चढवायची, म्हणजे विहिरीतले घागरभर पाणी काढायला धरणाचा दरवाजा उघडण्यासारखे आहे.

१९/ म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी, इतिहासाच्या धाग्यात असल्या तरी सांगतो. एक : तडजोडयोग्य गुन्ह्यात फिर्यादीशी कायदेशीर तडजोड झाली तर तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो, बर्व्यांनी जे नाकारले ते हेच दार. दोन : १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय किरकोळ गुन्ह्यात समज देऊन वा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते, आणि त्याच्या कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता अशा माणसाला लागत नाही. दोषसिद्धीची नोंद मात्र त्यानेही पुसली जात नाही. ही दोन्ही दारे निकालाआधी वा निकालाच्या वेळी उघडी असतात. ‘कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो’ असा सल्ला मिळाल्यास आधी वकिलाला याबद्दल विचारा.

२०/ न्यायालयांना या प्रश्नाची जाणीव नाही असे नाही. २०११ मध्ये दिल्ली पोलीस दलातील एका उमेदवाराने कॉलेजवयातील मारामारीची केस लपवल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. ती केस तडजोडीने मिटली होती. न्यायालयाने उमेदवाराच्या बाजूने निर्णय देताना, पाव चोरल्याबद्दल आयुष्यभर चोर ठरलेल्या ज्याँ व्हालज्याँची, म्हणजे व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’च्या नायकाची आठवण काढली. २०१६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले की तरुण वयातील घोषणाबाजी किंवा तत्सम क्षुल्लक गुन्ह्याची माहिती दडवली गेली, तरी नेमणूक करणारा ती बाब दुर्लक्षित करू शकतो. ‘करू शकतो’ हे शब्द पाहा. करेलच असे नाही. पुन्हा कोणाच्या तरी मर्जीचीच वाट.

२१/ मर्जीला पर्याय काय, याचे उत्तर कोल्हापूरच्या इतिहासातच आहे. इंग्रजी राजवटीने १८७१ पासून ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः संशयित ठरवल्या. करवीर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांना गावच्या पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागे. खटला नाही, दोषसिद्धी नाही, तरी डाग होताच. टिळक-आगरकरांना लाभलेली उदारता यांच्या वाट्याला कधीच आली नव्हती.

२२/ राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. ज्यांना जग चोर म्हणत होते त्यांच्या हाती राखण दिली. यातली कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. ‘ज्याचे वर्तन चांगले त्याने अर्ज करावा, तपासून दया करू’ असे महाराज म्हणाले नाहीत. प्रत्येकाने दारात येऊन आपली चांगली चालचलणूक सिद्ध करावी, अशी अपेक्षा ठेवली नाही. एक हुकूम काढला आणि नियमच मोडीत काढला. ब्रिटिश हिंदुस्थानातील तो कायदा रद्द व्हायला ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला.

२३/ मला आज हवा आहे तो याच जातीचा उपाय. ब्रिटनमध्ये १९७४ च्या पुनर्वसन कायद्याने ठरवले की कमी मुदतीच्या शिक्षेनंतर ठरावीक वर्षे नवा गुन्हा न करता गेली, तर ती दोषसिद्धी ‘सरलेली’ मानावी आणि बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात ती सांगण्याचे बंधन नसावे. आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना असेच संरक्षण दिले आहे. पण अठरा वर्षे आणि एक दिवस वयाच्या मुलासाठी अशी कोणतीही सर्वसाधारण तरतूद नाही. त्याचा किरकोळ गुन्हा कधीच सरत नाही.

२४/ आक्षेप येईल : मालकाला माणसाचा पूर्वेतिहास कळण्याचा हक्क नाही का? ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय? दोन्ही रास्त. म्हणूनच ही सवलत गंभीर गुन्ह्यांना, स्त्रिया व बालकांवरील अत्याचारांना लागू नसावी. मुलांची, वृद्धांची काळजी घेणाऱ्या पदांसाठी पूर्ण माहिती मागता यावी. पण दंड भरून संपलेल्या गल्लीतल्या भांडणाला जन्मठेपेची लांबी देण्याने पीडिताला काहीही मिळत नाही. आणि जिथे सगळेच बंद, तिथे खोटे लिहिण्याचा मोह मात्र वाढतो.

२५/ दुसरा आक्षेप : मग क्षमादानाचा अधिकार काढून टाकायचा का? मुळीच नाही. न्यायालयेही चुकतात आणि कायदा प्रत्येक माणसाचे दुःख आधी ओळखू शकत नाही. त्या अपवादांसाठी राज्यपालांचे दार उघडेच हवे. पण अपवादाचे दार हेच सर्वांचे एकमेव दार झाले, की तिथे ओळखीचे आणि मोठ्या आवाजाचे लोक पुढे जातात. १८९८ ने आणि १९६४ ने आपल्याला हे दाखवून दिले आहे.

२६/ म्हणून पुढच्या वेळी ‘माफी मागितली होती का?’ असा प्रश्न कोणी टाकला, तर त्याला चार प्रश्न उलट विचारा. कोणाकडे मागितली? नेमके काय मागितले? काय मिळाले? आणि त्यानंतर त्या माणसाला कोणते काम करू दिले गेले? शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. टिळक-आगरकरांच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘एक महाविद्यालय’ असे आहे. आज सव्वीस वर्षांच्या, चार महिने शिक्षा भोगून आलेल्या मुलाच्या बाबतीत आपले उत्तर काय असेल, ते प्रतिसादांत लिहा. वकिली करणाऱ्या मित्रमैत्रिणींनी आपले अनुभव नावे न घेता जरूर मांडावेत.